अनुलोम आणि प्रतिलोम : पुरुषांच्या छातीवरील लोमोत्पाटन, त्वचेची निगा आणि सूचनांची भाषा

१. विषयप्रवेश

भाषाविज्ञानाच्या अभ्यासात व्यवसायांच्या परिभाषेला मानाचे स्थान आहे. सुतार, कुंभार, कोष्टी, कोळी यांच्या बोलीतील शब्दसंग्रहांचा विचार मराठीत पुष्कळ झालेला आहे. परंतु शरीराच्या निगेची परिभाषा, विशेषतः पुरुषांच्या शरीराच्या निगेची, त्या मानाने उपेक्षित राहिली. स्त्रियांच्या सौंदर्यप्रसाधनाचा व्यवसाय शहरांतून स्थिरावल्यावर पुरुषांसाठीही तशीच दालने निघाली, आणि पाठीवरील व छातीवरील केस मेणाच्या साहाय्याने उपटून काढण्याची रीत व्यायामशाळांतून, शरीरसौष्ठवाच्या स्पर्धांतून, पोहणाऱ्यांतून व चित्रपटसृष्टीतून सामान्य तरुणांपर्यंत पोहोचली. रीत आली, साधने आली; त्यांच्यामागून सूचनाही आल्या. या सूचना बहुधा इंग्रजीतून घाईने उतरविलेल्या असतात, आणि त्यांतील सैल शब्दाचा परिणाम वाचकाच्या कातडीवर होतो. वाङ्मयीन भाषांतरातील चुकीने अर्थाची हानी होते. येथे प्रत्यक्ष त्वचा भाजते, सोलली जाते किंवा पिकते. म्हणून हा विषय जितका त्वचाविज्ञानाचा, तितकाच अर्थविचाराचाही आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी अशा सूचनांच्या धाटणीचे एक वाक्य नमुन्यादाखल रचून पुढे ठेवले आहे :

‘छाती स्वच्छ घासून कोरडी करावी, केसांच्या दिशेने गरम वॅक्स लावून पट्टी झटकन ओढावी व आग झाल्यास क्रीम लावावे.’

व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे. तरीही ते तंतोतंत पाळणाऱ्या पुरुषाला इजा होण्याचा पुष्कळ संभव आहे. त्यातील एकेक पद घेऊन ते का अपुरे पडते आणि मराठीजवळ त्याहून नेमके काय आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२. केस, लव आणि लोम

संस्कृतात डोक्यावरील केसांना ‘केश’, दाढीमिशांना ‘श्मश्रु’ आणि अंगावरील केसांना ‘लोम’ किंवा ‘रोम’ असे निरनिराळे शब्द आहेत. मराठीने ‘केस’ हा एकच शब्द सर्वत्र चालविला. ‘रोम’ हा ‘रोमरोमांत’, ‘रोमांच’ अशा प्रयोगांपुरता उरला. ‘श्मश्रू’ची गंमत अशी की, तो शब्द मराठीत दाढीचा वाचक न राहता दाढी करण्याच्या क्रियेचा वाचक बनला. ‘क्षौर’ हा शब्द ‘क्षुर’ म्हणजे वस्तरा यापासून आला, तर ‘हजामत’ हा ज्या अरबी शब्दापासून आला त्याचा मूळ अर्थ तुंबडी लावून रक्त काढणे असा आहे. न्हाव्याच्या हाती एके काळी शस्त्रवैद्याचेही काम असे, याची ही भाषिक खूण होय.

‘लोम’ या शब्दाशी निगडित असा एक तद्भव शब्द मात्र मराठीत जिवंत आहे. तो म्हणजे ‘लव’. अंगावरील मऊ, आखूड, फिकट केसांना लव म्हणतात. शरीरविज्ञानही हाच भेद करते. बालपणी छातीवर लवच असते. वयात येताना पुरुषी संप्रेरकांच्या प्रभावाने त्याच रोमकूपांतून जाड, काळा व खोल मूळ धरणारा केस उगवू लागतो. म्हणजे छातीवर नवे रोमकूप निर्माण होत नाहीत. लवेचा केस होतो. हा भेद व्यवहारात महत्त्वाचा आहे. स्त्रीच्या हातावरील बारीक केस ज्या सहजतेने निघतात, त्या सहजतेने पुरुषाच्या छातीवरील केस निघत नाहीत. तो जाड असतो, त्याचे मूळ घट्ट असते, आणि तो उपटताना रोमकूपाच्या तोंडाशी रक्ताचा सूक्ष्म थेंबही दिसू शकतो. एका शरीरासाठी लिहिलेली सूचना दुसऱ्याला जशीच्या तशी लावता येत नाही, याचे कारण हे आहे.

३. ‘काढणे’ या क्रियापदाची संदिग्धता

‘केस काढणे’ या प्रयोगात दोन सर्वस्वी भिन्न क्रिया एकत्र आल्या आहेत. वस्तऱ्याने, कात्रीने किंवा केस विरघळविणाऱ्या मलमाने केस त्वचेच्या पृष्ठभागाशी नाहीसा होतो. मूळ जागीच राहते. मेणाने, चिमट्याने किंवा दोऱ्याने तो मुळासकट निघतो. पहिल्या क्रियेला ‘लोमकर्तन’ व दुसरीला ‘लोमोत्पाटन’ म्हणता येईल. ‘उत्पाटन’ हा शब्द जड वाटला, तर त्याचेच मराठी रूप ‘उपटणे’ घरोघरी आहे. जैन साधूंच्या आचारातील ‘केशलोच’ हा शब्दही उपटण्याचाच वाचक असून दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाला तो सुपरिचित आहे.

प्राचीन वैद्यकाला हा भेद ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्रणाच्या साठ उपक्रमांत ‘लोमापहरण’ गणले असून, केसांमुळे न भरणाऱ्या व्रणाभोवतीचे केस वस्तरा, कात्री किंवा चिमटा यांनी काढावेत, असे सांगितले आहे. तेथेच शंखचूर्ण व हरताळ यांचा लेपही दिला आहे. हरताळ हे सोमलाचे गंधकाशी झालेले संयुग असल्याने तो लेप आज कोणी वापरू नये. परंतु साधनाचे नाव घेऊन क्रिया सांगण्याची ही शिस्त अनुकरणीय आहे.

ही संदिग्धता केवळ सौंदर्यप्रसाधनापुरती मर्यादित नाही. छातीवरील शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला ‘छातीचे केस काढून या’ एवढेच सांगितले, तर तो घरी वस्तरा घेईल किंवा दालनात जाऊन मेण लावून घेईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली शस्त्रक्रियेच्या जागी होणाऱ्या जंतुसंसर्गाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत केस शक्यतो काढूच नयेत, काढणे अगदी आवश्यक असेल तर केस कापण्याच्या यंत्रानेच काढावेत आणि वस्तरा लावणे कटाक्षाने टाळावे, असे स्पष्ट सांगितले आहे. वस्तऱ्याने पडणारे सूक्ष्म ओरखडे जंतूंना वाट देतात. एका क्रियापदाच्या सैलपणाची ही किंमत आहे.

४. ‘वॅक्स’ म्हणजे कोणता पदार्थ?

मराठीतील ‘मेण’ हा शब्द संस्कृत ‘मदन’ या मधमाशीच्या मेणाच्या वाचक शब्दापासून प्राकृतातून आलेला आहे. ‘वॅक्स’ हा इंग्रजी शब्द मराठीत आला तो मात्र पदार्थापेक्षा क्रियेसह : ‘वॅक्स करणे’, ‘वॅक्सिंग करून घेणे’. परिणामी या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पदार्थांत मेण असेलच असे नाही. स्थूलमानाने तीन प्रकार आढळतात.

पहिला प्रकार पट्टीने ओढावयाच्या मऊ मेणाचा. त्यात बहुधा चीड वृक्षाच्या डिंकापासून मिळणारी राळ असते. राळेमुळे चिकटपणा येतो. परंतु राळ काही व्यक्तींच्या त्वचेला मानवत नाही, आणि तिच्या संपर्काने खाजरा दाह उठतो. दुसरा प्रकार आपोआप घट्ट होणाऱ्या मेणाचा; त्याला पट्टी लागत नाही आणि ते त्वचेपेक्षा केसांना अधिक धरते, म्हणून जाड केसांसाठी व नाजूक जागांसाठी ते पसंत केले जाते. तिसरा प्रकार साखर, लिंबाचा रस व पाणी आटवून केलेल्या पाकाचा. मध्यपूर्वेत ही रीत जुनी असून इजिप्तमध्ये या पाकाला ‘हलावा’ असेच म्हणतात. या पाकाची सिद्धता सांगण्यास मराठी स्वयंपाकघरातील शब्द पुरेसे आहेत : एकतारी व दोनतारी पाक यासाठी निरुपयोगी, पाक गोळीबंदच हवा. थंड पाण्यात थेंब टाकला असता त्याची मऊ गोळी वळली पाहिजे. एखाद्या परकीय पुस्तिकेतील तापमानाचा आकडा घरी मोजता येत नाही. ‘गोळीबंद’ हा शब्द मात्र कोणत्याही गृहिणीला अचूक कळतो.

पदार्थाचे नाव नेमके सांगण्याचा दुसरा उपयोग नंतर होतो. पाक पाण्यात विरघळतो, तेव्हा त्याचे अवशेष कोमट पाण्याने जातात. राळेचे मेण पाण्याने निघत नाही. त्यासाठी तेल लागते. हे न सांगितल्यामुळे राळेचे अवशेष पाण्याने व साबणाने खरवडत बसणारा मनुष्य आधीच हुळहुळलेल्या त्वचेला आणखी दुखवतो.

५. ‘घासून’ : धातुसाधित अव्यय आणि काळाचे अंतर

नमुना-वाक्यातील ‘घासून’ हे पूर्वकालवाचक धातुसाधित अव्यय आहे. ‘-ऊन’ प्रत्ययाने एक क्रिया दुसरीच्या आधी घडते एवढे कळते. दोहोंमध्ये किती काळ जावा हे कळत नाही. उलट, ‘हात धुऊन जेवायला बसला’ यासारख्या नित्याच्या प्रयोगांमुळे दुसरी क्रिया पहिलीच्या पाठोपाठ होते असाच वाचकाचा समज होतो. येथे तो समज घातक आहे.

त्वचेच्या बाह्यस्तरावरील मृत पापुद्रे हलक्या हाताने घासून काढले म्हणजे दबलेले केस मोकळे होतात आणि पुढे आत वाढणाऱ्या केसांचा संभव कमी होतो. म्हणून घासणे इष्टच आहे. परंतु ते मेण लावण्याच्या २४ ते ४८ तास आधी व्हावयास हवे. मेणाची पट्टी केसांबरोबर मृत पापुद्र्यांचा थरही ओढून नेते. नुकत्याच घासलेल्या त्वचेवर मेण लावल्यास तोच थर दोनदा सोलला जातो आणि ओली, लाल जखम उरते.

हीच गोष्ट चाचणीची. नव्या पदार्थाचा ठिपका आतल्या मनगटावर किंवा छातीच्या एका कडेला लावून, पट्टी ओढून, किमान २४ तास थांबावे लागते. कारण राळेसारख्या पदार्थाची प्रतिक्रिया तत्काळ उठत नाही. ‘चाचणी घेऊन मेण लावावे’ या वाक्यात हे २४ तास मावत नाहीत. ‘आदल्या दिवशी चाचणी घ्यावी, दुसऱ्या दिवशी त्वचा पूर्ववत असेल तरच पुढे जावे’ या वाक्यात ते मावतात. जेथे काळाचे अंतर हाच सूचनेचा गाभा असतो, तेथे ‘-ऊन’ सोडून स्वतंत्र वाक्य आणि कालवाचक पद योजावे, हा नियम यातून निघतो.

प्रत्यक्ष दिवशीची पूर्वसिद्धी पुढीलप्रमाणे होय. केसांची लांबी सुमारे ६ मिलिमीटर असावी. त्याहून आखूड केस मेणाच्या पकडीत येत नाहीत. १२ मिलिमीटरहून लांब केस गुंततात व वेदना वाढवितात, म्हणून ते आधी यंत्राने किंवा कात्रीने आखूड करावेत. छाती कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावी. येथे ‘-ऊन’ योग्य आहे, कारण या क्रिया खरोखरच पाठोपाठच्या आहेत. त्या दिवशी तेल, अत्तर किंवा मलम लावू नये. तेलकट त्वचेवर मेण धरत नाही. घाम येत असेल तर पावडरचा अगदी पातळ हात फिरवावा.

६. ‘करू नये’ आणि ‘टाळावे’

मराठी विध्यर्थ हा बहुअर्थी आहे. ‘-आवे’ या प्रत्ययाने कर्तव्य, उपदेश, इच्छा, शक्यता अशा अनेक छटा व्यक्त होतात. ‘सकाळी फिरावे’ हा उपदेश आहे. ‘शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी राहावे’ ही अट आहे. दोन्ही वाक्यांचे रूप एकच. वाचक अट ओळखतो ती विषयाच्या पूर्वज्ञानाने. ते नसेल तर अटही त्याला उपदेशच वाटते.

लोमोत्पाटनाच्या बाबतीत काही निषेध निरपवाद आहेत. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन हे औषध पोटात घेणाऱ्याने ते चालू असताना आणि बंद केल्यावर किमान ६ महिने मेणाने केस उपटू नयेत, असे त्या औषधाच्या माहितीपत्रकातच सांगितलेले असते. या औषधाने त्वचेचा बाह्यस्तर दुर्बळ होतो व पट्टीबरोबर त्वचाही सोलून निघण्याचा आणि व्रण राहण्याचा धोका असतो. छातीवरील मुरुमांवर ट्रेटिनॉइन किंवा अ‍ॅडापलीन यांसारखी मलमे लावणाऱ्याने त्या जागी मेण लावू नये. उन्हाने भाजलेली त्वचा, उघडी जखम, पिकलेले मुरूम, इसब, उठावदार तीळ अथवा चामखीळ, नुकताच झालेला शस्त्रक्रियेचा व्रण यांवर मेण लावू नये. स्तनाग्रे व त्यांभोवतीचे वर्तुळ वगळावे. मधुमेही, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले यांनी वैद्याचा सल्ला घेतल्यावाचून या वाटेस जाऊ नये.

अशा ठिकाणी ‘टाळावे’ हे क्रियापद अनुवादकांना सौम्य व सभ्य वाटते. परंतु मराठीत ‘टाळणे’ याला ‘जमल्यास चुकविणे’ अशी छटा आहे. ‘तळलेले पदार्थ टाळावेत’ हे वाचून कोणी भजी सर्वस्वी सोडीत नाही. निषेध निरपवाद असेल तर ‘करू नये’ असे म्हणावे, लगेच कारण द्यावे, आणि मुदत असल्यास ती अंकांत सांगावी. कारणासह सांगितलेला निषेध पाळला जाण्याचा संभव अधिक असतो. एरवी वाचक स्वतःला अपवाद समजतो.

७. ‘केसांच्या दिशेने’ : अनुलोम व प्रतिलोम

प्रस्तुत विषयासाठी लागणारी सर्वांत महत्त्वाची परिभाषा मराठीत शतकानुशतके आहे. फक्त तिचा मूळ अर्थ विसरला गेला आहे. ‘अनुलोम’ म्हणजे लोमांच्या दिशेने, ‘प्रतिलोम’ किंवा ‘विलोम’ म्हणजे लोमांच्या उलट दिशेने. पाणिनीने अष्टाध्यायीत (५.४.७५) प्रति, अनु व अव यांच्यापुढे ‘लोमन्’ शब्द आला असता होणारा समासान्त प्रत्यय सांगितला आहे, त्यातून हीच रूपे सिद्ध होतात. पुढे या शब्दांचा अर्थविस्तार झाला. धर्मशास्त्राने ते वर्णांच्या उच्चनीच कल्पनेवर आधारलेल्या विवाहांना लावले, योगाने श्वासाला लावले, आणि आज ‘अनुलोम-विलोम’ म्हटले की नाकपुडीच डोळ्यांपुढे येते. त्वचेवरून हात फिरविल्यावर केस बसतात की उभे राहतात, हा मूळचा स्पर्शानुभव लुप्त झाला.

छातीवर हा मूळ अर्थच कामाचा आहे. हातावर किंवा पायावर केसांची दिशा बहुतांशी एकच असते. छातीवर तसे नाही. उरोस्थीच्या मध्यरेषेकडे ते दोन्ही बाजूंनी वळतात, स्तनाग्रांभोवती भोवरा घेतात, गळ्याच्या खाली वर किंवा आडवे जातात, आणि पोटाकडे खाली उतरतात. म्हणून नमुना-वाक्यातील ‘केसांच्या दिशेने’ हे पद अपुरे आहे. छातीला अशी एक दिशा नाहीच. कोरडा हात फिरवून प्रत्येक भागाची दिशा आधी ओळखावी लागते, आणि एकेक लहान भाग घ्यावा लागतो.

मऊ मेण लाकडी चपट्या काडीने अनुलोम व पातळ पसरावे. पट्टी बसवून तीवरून अनुलोमच हात दाबावा. मग एका हाताने त्वचा ताणून धरावी आणि दुसऱ्या हाताने पट्टी प्रतिलोम ओढावी. मात्र वर, आकाशाकडे नव्हे, तर त्वचेला समांतर, जणू ती पट्टी स्वतःवरच दुमडत आहे अशी. ‘झटकन ओढावी’ या प्रयोगात वेग आहे, दिशा नाही आणि कोनही नाही. पट्टी वर उचलली गेल्यास त्वचाही वर खेचली जाते व खाली रक्त साकळते; शिवाय केस मुळापासून न निघता मध्येच तुटतो. एकाच जागी मेण पुन्हा पुन्हा लावू नये. उरलेले थोडे केस चिमट्याने काढावेत.

येथे एक अपवाद लक्षणीय आहे. हाताने वापरावयाचा घट्ट साखरपाक प्रतिलोम पसरून अनुलोम ओढण्याची परंपरागत रीत आहे, म्हणजे मेणाच्या नेमकी उलट. पदार्थाचे नाव न सांगता केवळ ‘वॅक्स’ म्हणून एकाची कृती दुसऱ्यास लावली, तर दिशाच उलटी होते. पदार्थाचे नाव आणि दिशेचे नाव या दोन गोष्टी अशा परस्परांशी बांधलेल्या आहेत.

८. ‘गरम’ : उष्णतेची उतरंड

उष्णतेच्या बाबतीत मराठीचा शब्दसंग्रह समृद्ध आहे : गार, कोमट, ऊन, गरम, कढत, उकळते. आंघोळीचे पाणी ऊन हवे, बाळाला कोमट हवे, चहा कढत हवा, हे प्रत्येक मराठी घरात न शिकविता कळते. इंग्रजीतील दोन-तीन शब्दांचे भाषांतर करताना मात्र ही सर्व उतरंड ‘गरम’ या एका शब्दात कोसळते.

६० अंश सेल्सियसचे पाणी सुमारे ५ सेकंदांत प्रौढ माणसाची त्वचा खोलवर भाजू शकते. पाणी निदान ओघळून जाते. मेण चिकटून राहते व आपली उष्णता त्याच जागी देत राहते. विशेषतः घरगुती विद्युत्-भट्टीत तापविलेले मेण वरून थिजलेले व आतून कढत असू शकते. म्हणून तापविल्यावर ते नीट ढवळावे, मनगटाच्या आतल्या बाजूस थेंब लावून पाहावा, आणि तो ‘ऊन’ लागला तरच छातीवर घ्यावे. ‘चटका’ बसला तर थांबावे. एकदा त्वचेला लागलेली काडी पुन्हा भांड्यात बुडवू नये, प्रत्येक वेळी नवी घ्यावी. कारण मेणाच्या उष्णतेने जंतू मरतात ही समजूत भरवशाची नाही, आणि त्या भांड्यातून एकाचे रक्त-जंतू दुसऱ्यापर्यंत जाऊ शकतात. दालनात जाणाऱ्याने ही एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.

९. ‘आग झाल्यास’ : वेदनेचे शब्द आणि लक्षणे

उत्पाटनानंतर त्वचेला काय वाटते हे सांगण्यासही मराठीत शब्दांची उणीव नाही. आणि हे शब्द वैद्यकीय दृष्टीनेही परस्परांहून भिन्न आहेत. पहिले काही तास त्वचा ‘चुरचुरते’ आणि स्पर्शाने ‘हुळहुळते’. रोमकूपांभोवती लालसर ठिपके उठतात. हे अपेक्षित असून बहुधा १ ते २ दिवसांत ओसरते. गार पाण्यात भिजवून पिळलेला स्वच्छ फडका ठेवणे आणि सुगंधरहित, सौम्य मलम लावणे एवढाच उपचार पुरे. अत्तर किंवा मद्यार्कयुक्त द्रव लावल्यास ते ‘झोंबते’. लावलेल्या पदार्थाची ‘खाज’ उठून पुरळ पसरला, तर तो पदार्थ मानवला नाही असे समजावे. मात्र एखादी जागा ‘ठणकू’ लागली, सूज व उष्णता वाढली, लाली पसरत गेली, पू दिसला किंवा ताप आला, तर तो जंतुसंसर्ग होय. तेथे घरगुती उपाय थांबवून वैद्याकडे जावे. ‘आग’ या एकाच शब्दाखाली हे सर्व झाकले गेले की, ठणक्यालाही मनुष्य मलमच लावीत बसतो.

आणि ‘क्रीम’ कोणते, हाही प्रश्न आहेच. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेली, तीव्र स्टेरॉइड असलेली संमिश्र मलमे अशा पुरळावर लावण्याची सवय अपायकारक आहे. लाली तात्पुरती दबते, पण त्वचा पातळ होते आणि संसर्ग आत वाढत राहतो.

रोमकूपाच्या संसर्गास मराठीत ‘केसतूड’ असा शब्द आहे. त्याच्या घडणीतच कारणमीमांसा आहे : केस तुटला, म्हणून फोड झाला. ही लोकसमजूत सर्वस्वी निराधार नाही. मध्येच तुटलेला केस पुढे त्वचेखाली वळून आत वाढू शकतो, आणि उघड्या पडलेल्या रोमकूपात त्वचेवरचे, विशेषतः स्टॅफिलोकॉकस जातीचे, जंतू शिरू शकतात. कुरळ्या व जाड केसांत आत वाढण्याचा संभव अधिक. अशी पुळी पिळू नये व टोचू नये.

म्हणून पहिले २४ ते ४८ तास जपावयाचे असतात. ऊन पाण्याची आंघोळ, वाफारा, पोहण्याचा तलाव, घाम काढणारा व्यायाम, कडक ऊन आणि अंगाला घट्ट बसणारे कृत्रिम धाग्याचे कपडे वर्ज्य समजावेत. सैल सुती सदरा घालावा. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धकाने ही गोष्ट वेळापत्रकात आधीच धरावी. स्पर्धेच्या आदल्या रात्री प्रथमच मेण लावून घेणारा स्पर्धक लाल पुरळासह मंचावर उभा राहण्याची शक्यता असते. दोन-तीन दिवसांनी, त्वचा शांत झाल्यावर, आठवड्यातून दोन वेळा मृदू फडक्याने हलके घासावे व त्वचा मऊ ठेवावी. सर्व केस एकाच वेळी वाढीच्या अवस्थेत नसतात. त्या दिवशी त्वचेखाली असलेले केस काही दिवसांतच वर दिसू लागतात. ते पाहून क्रिया फसली असे मानू नये व लगेच पुन्हा मेण लावू नये; ३ ते ६ आठवड्यांचे अंतर ठेवावे.

१०. समारोप

आता नमुना-वाक्य पुन्हा लिहून पाहता येईल. ते एका वाक्यात मावणार नाही, आणि मावू नये हेच योग्य :

‘दोन दिवस आधी छाती मऊ फडक्याने हलकी घासावी. आदल्या दिवशी मेणाचा ठिपका लावून चाचणी घ्यावी. त्या दिवशी छाती धुऊन कोरडी करावी, घासू नये. हात फिरवून प्रत्येक भागातील केसांची दिशा पाहावी. मनगटाला ऊन लागेल, चटका बसणार नाही, इतकेच तापलेले मेण केसांच्या दिशेने पातळ पसरावे. त्वचा ताणून धरावी व पट्टी उलट दिशेने, त्वचेला समांतर ओढावी. चुरचुर झाल्यास गार फडका ठेवावा. ठणका लागल्यास किंवा पू दिसल्यास वैद्याकडे जावे.’

यात एकही नवा घडविलेला शब्द नाही. ऊन, चटका, चुरचुर, ठणका, उलट दिशा हे सर्व शब्द वाचकाच्या घरचे आहेत. परिभाषेचा विचार करताना नव्या संज्ञांच्या टांकसाळीकडे आपले लक्ष फार जाते. भाषेत आधीच चलनात असलेल्या नाण्यांची मोजदाद मात्र राहून जाते. शरीराशी संबंधित सूचनांत ही मोजदाद विशेष आवश्यक आहे, कारण वेदना, उष्णता व स्पर्श यांचे ज्ञान मनुष्याला मातृभाषेतून, बालपणीच झालेले असते. औषधांची वेष्टने, रुग्णालयांतील पूर्वसूचना, प्रसाधनांच्या पुस्तिका यांतील मराठीचे असे पदशः परीक्षण करणे हा पदव्युत्तर अभ्यासकांसाठी एक मोकळा व उपयुक्त विषय आहे. त्यासाठी लागणारी सामग्री प्रत्येक औषधाच्या दुकानात उपलब्ध आहे, आणि निष्कर्षांचा लाभ ज्यांना व्हावयाचा, ते भाषाविज्ञानाचे नावही न ऐकलेले लोक आहेत.